दुखणारे शरीर आणि आपले कर्तव्य

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस शिरूर तालुक्यातील एक वृद्ध उपदेशक आपला गुडघा दाखविण्यासाठी पुण्यास आले होते. ते आमचे जुने स्नेही. तीस-बत्तीस वर्षे त्यांनी वाडीवाडीने पायी हिंडून काम केले. मुलाने मोटारसायकल घेतली तेव्हापासून मात्र तिच्यावर मागे बसून जातात. डॉक्टरांनी त्यांस तपासले, क्ष-किरणांचे चित्र काढविले आणि सांगितले की, सांध्याची झीज झाली आहे खरी, तथापि शस्त्रक्रियेचे अद्याप कारण नाही. मांडीचे स्नायू फार अशक्त झाले आहेत, त्यांस रोज व्यायाम द्या. त्या व्यायामाचा कागद चार घड्या करून खिशात घालून ते आमच्या घरी आले, आणि चहा घेता घेता म्हणाले, "अहो, चौसष्ट वर्षांच्या माणसाने भिंतीला पाठ लावून उठाबशा काढावयाच्या! लोक पाहतील तर काय म्हणतील? आणि हे शरीर मातीचे, मातीसच मिळावयाचे. इतकी वर्षे चालले, आता थकले. त्याचे आणखी लाड करणे हा नुसता देहाभिमान नव्हे काय?"

आम्ही त्यांस तेव्हा नीट उत्तर दिले नाही. याचे कारण आम्हांसच लाज वाटत होती. ती कशाची, ते पुढे सांगू. परंतु त्यांचा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. आमच्या मंडळ्यांत कित्येक सज्जन माणसे असे समजतात की, देहाकडे दुर्लक्ष करणे हा एक प्रकारचा वैराग्याचा मार्ग आहे, आणि म्हातारपणी व्यायाम करणारा मनुष्य मरणास भिऊन पळणारा आहे. हे म्हणणे खरे आहे की काय, याचा विचार आज करू.

प्रथम एक गोष्ट कबूल केली पाहिजे. देहाचा अभिमान म्हणून एक वस्तू जगात आहे, आणि ती पुणे शहरात पुष्कळ आढळते. आरशापुढे दंड फुगवून पाहणारे तरुण आम्ही पाहिले आहेत. जुन्या तालमींतील गोष्टही जाणत्यांस ठाऊक आहे. जो पहिलवान ऐन विशीत हजार बैठका मारी, तो कुस्ती सुटली की व्यायामही सोडतो. खुराक मात्र तोच ठेवतो. चाळिशीत त्याचे पोट सुटते आणि जिना चढताना त्यास धाप लागते. त्याने देहाची सेवा केली असे म्हणता येत नाही. त्याने जयाची सेवा केली, आणि जय मिळेनासा झाला तेव्हा देहासही टाकून दिले. म्हणजे देहाभिमान हा म्हातारपणीच्या व्यायामाचे मूळ नसून, उलट तो बहुधा व्यायाम सोडावयास लावतो. आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच आहे असे आम्हांस वाटते.

पुण्यातच घडलेले एक उदाहरण घेऊ. १९३७ साली म्हैसुराहून एक अठरा वर्षांचा मुलगा डेक्कन जिमखान्यावर आसने शिकविण्यासाठी आला. त्याचे नाव बेल्लूर कृष्णम्माचार सुंदरराज अय्यंगार. त्याचा जन्म १४ डिसेंबर १९१८ चा, इन्फ्लुएंझाच्या मोठ्या साथीतला. लहानपणी त्याने मलेरिया, विषमज्वर व क्षय ही तिन्ही भोगली. हातपाय काटकुळे, पोट पुढे आलेले, आणि नऊ वर्षांचा असतानाच पितृछत्र गेलेले. त्यास मराठी येत नव्हते, आणि शिकावयास येणारे कॉलेजातील विद्यार्थी त्याच्याहून धट्टेकट्टे होते. सहा महिन्यांसाठी म्हणून आलेला तो मुलगा जन्मभर पुण्यातच राहिला. पुढे त्याची कीर्ती देशोदेशी झाली, १९६६ साली त्याचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि १९७५ साली पत्नीच्या नावाने त्याने या शहरात आपली संस्था उघडली, हे सर्व लोकांस माहीत आहे. (आसनांच्या मागे जे तत्त्वज्ञान आहे, त्याविषयी आमच्या वाचकांत मतभेद असतील. तो वाद आम्ही येथे काढीत नाही. एका मनुष्याने आपल्या शरीराशी कसा व्यवहार केला एवढेच पाहावयाचे आहे.)

लोक त्यांच्या कीर्तीची गोष्ट सांगतात. आम्हांस १९७९ ची गोष्ट अधिक मोलाची वाटते. त्या वर्षी, साठी उलटलेली असता, त्यांस थोड्या महिन्यांच्या अंतराने स्कूटरचे दोन अपघात झाले. खांदा, पाठीचा कणा व गुडघे दुखावले. जी आसने चाळीस वर्षे त्यांच्या अंगवळणी पडली होती, ती येईनात. वाचकहो, या स्थितीचा थोडा विचार करा. ज्याचे चित्र पाहून जगभरचे लोक शिकत आहेत, त्यालाच आता पुढे वाकता येत नाही. अशा वेळी हात जोडून "आमचे दिवस संपले" असे म्हणणे किती सोपे, आणि किती मानाचे! कोणीही त्यांस दोष दिला नसता. त्यांनी तसे केले नाही. नवख्या विद्यार्थ्याप्रमाणे त्यांनी पुन्हा आरंभ केला. लाकडी ठोकळे, दोर, पट्टे, खुर्च्या, लोड ही जी साधने त्यांनी आजारी व अशक्त शिष्यांसाठी योजिली होती, त्यांचाच आधार त्यांनी स्वतः घेतला. गेलेले पुष्कळसे परत यावयास कित्येक वर्षे लागली. नव्वदी ओलांडल्यावरही त्यांचा रोजचा अभ्यास चालू होता, आणि २० ऑगस्ट २०१४ रोजी ९५ व्या वर्षी ते पुण्यात वारले.

या गोष्टीत नव्वदीच्या शीर्षासनाचे आम्हांस विशेष नवल वाटत नाही. ते थोड्यांच्याच वाट्यास येते. साठाव्या वर्षी गुरूने शिष्याच्या जागी उतरणे, आपण दुसऱ्यांस दिलेली काठी आपण हाती घेणे, हे मात्र आपणांपैकी प्रत्येकाच्या वाट्यास येणार आहे. आणि तेथेच आपण अडतो. आपण म्हणतो, "गुडघा दुखतो म्हणून होत नाही." पुष्कळ वेळा खरी गोष्ट अशी असते की, पूर्वीइतके होत नाही, म्हणून मुळीच करावयाचे नाही. पहिले वाक्य गुडघ्याचे आहे, दुसरे अहंकाराचे.

आता आमची स्वतःची गोष्ट सांगतो. आम्ही अनेक वर्षे पहाटे पर्वती चढत असू. तिच्या पायऱ्या एकशेतीन. त्या पायऱ्यांवर रोज शेकडो पुणेकर देवदर्शनापेक्षा दम वाढविण्यासाठीच येत असतात, आणि त्यांत कोण किती वेळा चढतो याचा हिशेब ठेवणारेही पुष्कळ. आम्हीही ठेवीत असू. एका वर्षी ओल्या पायरीवरून पाय घसरला, गुडघा मुरगळला, आणि दोन महिने घरी बसावे लागले. दुखणे बरेच ओसरल्यावर पुन्हा गेलो, तर तिसाव्या पायरीपाशी थांबावे लागले. ज्यांस आम्ही मागे टाकून जात असू, ते मागून येऊन "काय, सावकाश का?" असे म्हणून पुढे गेले. त्यांनी ते आपुलकीने म्हटले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. आणि घरी सांगितले की गुडघा दुखतो. वाचकहो, तो त्या दिवशी दुखत नव्हता. शिरूरचे स्नेही आमच्याकडे आले तेव्हा या गोष्टीस दीड वर्ष झाले होते, आणि आम्हांस जी लाज वाटली ती हीच.

याहून पुष्कळ कठीण परीक्षा मुरलीकांत पेटकर यांनी दिली. ते सांगली जिल्ह्यातील. सैन्यात शिपाई व मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांस गोळ्या लागल्या, एक पाठीच्या कण्यात बसली, आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुष्टियुद्ध हे पायांवर उभे राहून करावयाचे. ते कायमचे गेले. इस्पितळात उपचार म्हणून त्यांस पाण्यात उतरविण्यात आले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक स्पर्धांत पन्नास मीटर पोहण्यात त्यांनी ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक मिळविले. त्या स्पर्धांतील भारताचे ते पहिले सुवर्ण. नंतर त्यांनी पुण्याच्या टेल्को कारखान्यात नोकरी केली, आणि सरकारने २०१८ साली त्यांस पद्मश्री दिली, म्हणजे पदकानंतर शेहेचाळीस वर्षांनी. २०२४ साली त्यांच्यावर चित्रपट निघाला तेव्हा कोठे आमच्यासारख्या पुष्कळांस त्यांचे नाव समजले. परंतु आम्ही मनात आणतो तो पदकाचा दिवस नव्हे. पायांचा गर्व असलेल्या तरुणास लोकांनी उचलून पाण्यात सोडले, तो पहिला दिवस. त्या दिवशी त्यांस हायडेलबर्ग ठाऊक नव्हते.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे, नाही तर आमचे लिहिणे ईयोबाच्या मित्रांच्या बोलण्यासारखे होईल. जो आजारी पडला त्याने आळस केला असेल, जो अंथरुणास खिळला त्याने इच्छा केली नसेल, असा निकाल देण्याचा अधिकार कोणासही नाही. नियमाने राहणारी माणसे तरुणपणी मरतात आणि बेशिस्त माणसे नव्वद वर्षे जगतात, हे आपण रोज पाहतो. बळकट शरीर हे पुण्याचे प्रमाणपत्र नव्हे. आमचे म्हणणे एवढेच की, जितके हालविता येते तितके हालविण्याचे कर्तव्य उरते. आणि ते प्रत्येकाचे निराळे असते. एकाचे पर्वतीचा माथा, दुसऱ्याचे अंथरुणावर उठून बसणे.

आणि हे कर्तव्य कोणाचे, असे विचाराल तर ते पुष्कळ अंशी घरच्यांचे आहे. "माझे शरीर, मी झिजविले तर कोणाचे काय गेले?" असे म्हणणारा मनुष्य एक दिवस पाटावरून उठू शकत नाही, आणि मग त्यास कोण उठविते? सून उठविते. रात्री दोनदा मोरीपर्यंत कोण नेते? बायको नेते, जिची स्वतःची कंबर गेलेली आहे. म्हातारपणी कोणाचा तरी आधार घ्यावा लागतो, त्यात कमीपणा नाही. परंतु दोन वर्षांनी घ्यावयाचा आधार आजच घेणे, आणि त्यास वैराग्य म्हणणे, हे आम्हांस प्रामाणिक वाटत नाही.

आता दुखण्याविषयी. सांधा दुखतो तर तो हालवावा की नाही, हा प्रश्न खेड्यापाड्यांत सर्वांस पडतो, आणि शेजारी बहुधा उत्तर देतात की, "विसावा द्या." हे नेहमीच बरोबर नसते. गुडघ्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातील द्रवापासून होते. पाय टाकला की ती दाबली जाते, उचलला की सैल होते, आणि त्या दाबण्या-सुटण्याने द्रव आतबाहेर खेळतो. स्पंज पाण्यात दाबून सोडावा तसे. जो सांधा हालतच नाही त्याची कूर्चा उपाशी राहते. शिवाय मांडीचे स्नायू गुडघ्यावरील भार झेलीत असतात. ते वाळले की सगळा भार सांध्यावर येतो, दुखणे वाढते, दुखते म्हणून मनुष्य आणखी बसून राहतो, आणि स्नायू आणखी वाळतात. म्हणून झिजलेल्या गुडघ्यासही वैद्यक आता व्यायामच प्रथम सांगते.

तथापि सगळी दुखणी एकाच जातीची नव्हेत. व्यायाम करताना थोडे दुखले, आणि रात्री किंवा दुसऱ्या सकाळपर्यंत शमले, तर ते कुरकुरणाऱ्या बैलासारखे आहे. त्यास चुचकारून चालवावे, फार तर ओझे थोडे कमी करावे. परंतु सांधा सुजला, गरम झाला, पाय बधिर झाला किंवा त्यातील शक्ती एकाएकी गेली, रात्री झोपेतून जागे करणारी कळ येऊ लागली, तर तो बैल कुरकुरत नाही, तो आजारी आहे, डॉक्टरांकडे जावे. छाती दाटून आली, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, घाम फुटला, तर त्याच क्षणी थांबून इस्पितळ गाठावे. येथे धीर धरणे हा मूर्खपणा होय. हट्ट आणि चिकाटी बाहेरून एकसारखी दिसतात. चिकाटी दुखण्याचे ऐकून घेते आणि मग काय करावयाचे ते ठरविते. हट्ट ऐकतच नाही.

आमचे शेतकरी वाचक म्हणतील, "हे सर्व शहरच्या खुर्चीवाल्यांस सांगा, आम्ही दिवसभर राबतो." राबता हे खरे, आणि राबणाऱ्यांपुढे आम्ही विनयानेच बोलतो. परंतु दोन गोष्टी पाहा. एक तर राबणे आता पूर्वीचे उरले नाही. मोट जाऊन वीजपंप आला, जाते जाऊन पिठाची चक्की आली, नांगरास ट्रॅक्टर व वाटेस मोटारसायकल आली. हे चांगलेच झाले, पण देहाकडून जे काम आपोआप होत होते ते राहिले. दुसरे असे की, उरलेले राबणे एकाच अंगाचे आहे. ऊस तोडणारी किंवा खुरपणारी बाई दिवसभर वाकलेली असते. तिच्या कंबरेस काम पुष्कळ, आणि विरुद्ध बाजूस ताण मुळीच नाही. तिला आणखी श्रम सांगणे निर्दयपणाचे होईल. तिला पाहिजे ती संध्याकाळी दहा मिनिटे, पाठ सरळ ताणून निजण्याची आणि हात डोक्यावर नेण्याची. आणि तितका वेळ चूल दुसऱ्याने पाहिली पाहिजे. घरच्या पुरुषांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

चालण्याचे म्हणाल तर धोंडो केशव कर्वे यांची आठवण होते. लहान असता मुरुडाहून साताऱ्यास परीक्षेसाठी शंभराहून अधिक मैल घाट चढून ते पायी गेले, आणि वय लहान दिसते म्हणून त्यांस परीक्षेस बसू दिले नाही. पुढे फर्ग्युसन कॉलेजात शिकवून ते हिंगण्याच्या आश्रमाकडे चिखलातून पायीच जात. तेथील पहिली झोपडी १९०० सालची. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले. १९६२ साली ते वारले तेव्हा त्यांस एकशेचार वर्षे झाली होती. चालण्यामुळेच इतके आयुष्य लाभले असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ते व्यायामासाठी चालत नव्हते, हे ध्यानात घ्यावे. पलीकडे कोणी तरी वाट पाहत असे म्हणून चालत. आमच्या उपदेशकांस आणि बायबलबाईंस ही सोय आधीच आहे. त्यांच्याही वाटेच्या टोकास कोणी तरी बसलेले असते.

उशीर झाला, आता काय उपयोग, असे म्हणणाऱ्यांसाठी एक शोध सांगतो. १९९० साली अमेरिकेतील बॉस्टन येथे डॉक्टरांनी वृद्धाश्रमातील नव्वदीच्या घरातील दहा दुबळ्या माणसांस आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. त्यांच्या पायांची शक्ती सरासरीने १७४ टक्के वाढली. म्हणजे पूर्वीच्या पावणेतीनपट झाली. दोघांनी काठी टाकली. स्नायू वय विचारीत नाही, काम विचारतो. मात्र त्याच शोधात असेही दिसले की, व्यायाम बंद केल्यावर मिळविलेली शक्ती थोड्याच आठवड्यांत पुन्हा घटू लागली. तेव्हा ही पेढीत ठेवून व्याज खाण्याची रक्कम नव्हे. रोजची मजुरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांस आठवड्यास निदान दीडशे मिनिटे भरभर चालण्यासारखे श्रम, दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, आणि पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सांगितला आहे. खेड्यात यास काहीच साधन लागत नाही. ओट्यावरून हात न टेकता दहा वेळा उठावे. दाराची चौकट धरून एका पायावर उभे राहावे, मग एकच बोट टेकून, मग तेही सोडून. लोक पाहतील तर पाहोत.

हे सर्व आम्ही शिरूरच्या स्नेह्यांस पत्राने लिहिले. समोर बोलण्याचे धैर्य झाले नव्हते म्हणून पत्राने. पर्वतीची गोष्टही लिहिली. त्यांचे उत्तर नाताळाच्या सुमारास आले. ते लिहितात की, आता मुलास ओढ्यापाशीच मोटारसायकल थांबवावयास सांगतो आणि तेथून वाडीपर्यंत पायी जातो. परत येताना चढ आहे तेथे एकदा बसतो. भिंतीला पाठ लावून उठाबशा दार लोटून घेऊन काढतो. नातवास कळले आहे, तो शेजारी उभा राहून मोजतो आणि मध्येच आकडे चुकतो. गुडघा दुखावयाचा राहिलेला नाही. पण पाटावरून उठताना आता कोणास हाक मारावी लागत नाही. पत्राच्या शेवटी त्यांनी विचारले होते की, आपण सांप्रत कितव्या पायरीपर्यंत जाता?

आम्ही उलट टपाली कळविले की, एकसष्ट. तेथे कठड्यास टेकून दम घेतो, आणि मागून येणारे पुढे जातात.